गप्पी मासा : टाकीत, गटारात आणि तळ्यात

कोलकात्याच्या नैर्ऋत्य भागात, हुगळी नदीच्या पूर्व तीरावर खिदिरपूर ही जुनी वस्ती आहे. आदिगंगा या नावाने ओळखला जाणारा गंगेचा प्राचीन प्रवाह याच परिसरात हुगळीला मिळतो. १८९२ मध्ये सुरू झालेली गोदी ही या वस्तीची सर्वांत ठळक खूण होय. गोदीच्या आसपास गुदामे, दाट लोकवस्ती, पाणी वाहून नेणारी गटारे, घरोघरी पाणी साठविण्याचे हौद आणि मधूनमधून शिल्लक राहिलेली तळी आढळतात. या हौदांना बंगालीत ‘चौबाच्चा’ असे म्हणतात. जेथे साचलेले पाणी तेथे डास, आणि जेथे डास तेथे हिवताप, हत्तीरोग किंवा डेंग्यू, हा अनुभव या शहराला पिढ्यान्‌पिढ्या आलेला आहे.

डासांच्या बंदोबस्तासाठी कोलकाता महापालिका शहरातील गटारांत व साचलेल्या पाण्यात एक चिमुकला मासा सोडीत आली आहे. तोच मासा शहरातील कित्येक घरांत काचेच्या टाकीत शोभेसाठी पाळला जातो. महाराष्ट्रातील वाचकांस त्याची वेगळी ओळख करून देण्याचे कारण नाही. ‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही अक्षरे आपल्या खेड्यापाड्यांतील भिंतींवर अनेकांनी वाचलेली असतील. या नावाचा गप्पांशी काही संबंध नाही. ते एका माणसाचे आडनाव आहे. हा मासा टाकीत आनंद देतो, योग्य जागी आरोग्याचे रक्षण करतो आणि अयोग्य जागी जुन्या रहिवाशांना त्रासदायक ठरतो. या तिन्ही गोष्टींच्या मुळाशी त्याची पिलांना जन्म देण्याची विशेष रीत आहे. म्हणून ती रीत नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

माहेर आणि नाव

गप्पीचे मूळ वसतिस्थान दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यात आहे. व्हेनेझुएला, गियानाचा किनारपट्टीचा प्रदेश आणि त्रिनिदाद बेट येथील ओढ्यांत तो नैसर्गिक रीतीने आढळतो. हा प्रदेश नकाशावर खिदिरपूरपासून अतिशय दूर असला तरी खिदिरपूरच्या इतिहासाला तो अपरिचित नाही. ऊसमळ्यांवर कामासाठी करारबद्ध मजुरांना घेऊन जाणारी जहाजे याच नदीतून निघत. १८३८ मध्ये ब्रिटिश गियानाकडे, १८४५ मध्ये त्रिनिदादकडे आणि १८७३ मध्ये सुरिनामकडे कलकत्त्याहून मजुरांची पहिली जहाजे गेली. १९१७ मध्ये ही पद्धत थांबेपर्यंत एकट्या त्रिनिदादमध्ये सुमारे १ लाख ४३ हजार भारतीय माणसे उतरली. ज्या घाटावरून ही माणसे कायमची दूर गेली, त्या खिदिरपूरच्या घाटाला आजही ‘सुरिनाम घाट’ म्हणतात. येथील माणसे गप्पीच्या देशात गेली. गप्पी मात्र वेगळ्या निमित्ताने आणि नंतर भारतात आला.

या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ पीटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून केले. पुढे त्रिनिदादमधील रॉबर्ट जॉन लेचमीर गप्पी या निसर्ग-अभ्यासकाने काही मासे लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठविले. तेथील तज्ज्ञ ग्युंटर यांना ही जाती नवी वाटली आणि १८६६ मध्ये त्यांनी तिला गप्पी यांचे नाव दिले. ही जाती पीटर्स यांनी आधीच वर्णिलेली असल्याचे पुढे लक्षात आले व शास्त्रीय नाव म्हणून ‘गप्पी’ हा शब्द मागे पडला. परंतु लोकांच्या तोंडी तोच राहिला. जुन्या पुस्तकांत हा मासा ‘लेबिस्टिस’ या प्रजातीत घातलेला दिसतो. १९६३ मध्ये झालेल्या नव्या वर्गीकरणानंतर त्याचे नाव ‘पीसिलिया रेटिक्युलाटा’ असे रूढ झाले.

नर आणि मादी

गप्पीच्या नर-मादीत इतका फरक असतो की, अजाण माणसास ते दोन निराळ्या जातींचे मासे वाटावेत. नर जेमतेम तीन सेंटिमीटर लांब असतो. त्याच्या अंगावर नारिंगी, काळे, निळे व हिरवट चकाकणारे ठिपके असतात. मादी त्याच्या दीडपट ते दुप्पट मोठी, पोटाने फुगीर आणि रंगाने मातकट असते. पाळीव वाणांत मनुष्याने निवडीने नराची शेपटी पंख्यासारखी रुंद व भडक केली आहे.

रानटी गप्पींचे दोन नर सहसा एकसारखे नसतात. या विविधतेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष लवकरच गेले. कोपनहेगन येथे योहानेस श्मिट यांनी १९२० मध्ये असे दाखविले की, नराच्या अंगावरील एक विशिष्ट ठिपका बापाकडून मुलाकडे आणि केवळ मुलाकडेच जातो. १९२२ मध्ये त्यांचे देशबांधव विंगे यांनी याचा उलगडा केला. तो गुण नरत्व ठरविणाऱ्या ‘वाय’ गुणसूत्रावर असल्याने मुलींना मिळतच नाही. आनुवंशिकीच्या आरंभीच्या काळात घरच्या टाकीतील या माशाने असा महत्त्वाचा पुरावा पुरविला.

रंग भडक असावा की फिकट, हे ओढ्यातील शत्रूंवरही अवलंबून असते. भडक नर माद्यांना आवडतो, पण तोच शिकारी माशांच्या नजरेस लवकर पडतो. शास्त्रज्ञ जॉन एंडलर यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत शिकारी माशांच्या सहवासात ठेवलेल्या गप्पींच्या वंशात थोड्याच पिढ्यांत ठिपके कमी झाले. शत्रू नसलेल्या पाण्यात ते वाढले. डेव्हिड रेझनिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिनिदादमधील गप्पी मोठ्या शिकारी माशांच्या पाण्यातून तुलनेने सुरक्षित ओढ्यात हलविले. अकरा वर्षांच्या आतच त्यांच्या वंशजांमध्ये प्रौढत्व उशिरा येऊ लागले आणि पिले संख्येने कमी पण आकाराने मोठी होऊ लागली. हा फरक आनुवंशिक होता. उत्क्रांतीस लक्षावधी वर्षे लागतात ही सर्वसाधारण समजूत या माशाने दुरुस्त केली. नव्या पाण्याशी जुळवून घेण्याची ही त्वरा पुढील विवेचनात लक्षात ठेवावी.

पिलांचा जन्म

बहुतेक मासे अंडज आहेत. रोहू किंवा कटला यांची मादी पाण्यात लक्षावधी अंडी सोडते, नर त्यांवर रेत सोडतो आणि फलन बाहेर पाण्यातच होते. त्यांतील असंख्य अंडी वाया जातात. गप्पीची तऱ्हा वेगळी आहे. नराच्या पोटाखालील गुदपर लांबट दांडीसारखा झालेला असतो. त्याच्या साहाय्याने तो मादीच्या शरीरात शुक्राणू पोहोचवितो. फलन अंडाशयातच होते, आणि अंडी बाहेर न पडता तेथेच वाढतात. भ्रूणाचे पोषण मुख्यतः अंड्यातील पीतकावर होते. पूर्ण वाढ झाल्यावर पिले जिवंत बाहेर येतात. अशा प्राण्यांना अंडजरायुज म्हणतात. मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल हे टाकीत पाळले जाणारे मासे आणि डासांसाठीच प्रसिद्ध असलेला गँबुसिया हे सर्व गप्पीचे भाऊबंद असून तेही जिवंत पिलांनाच जन्म देतात.

गर्भवती मादीच्या पोटाच्या मागील भागात एक काळसर डाग दिसतो. दिवस भरत येतात तसा तो मोठा व गडद होतो. कधीकधी त्यातून पिलांचे डोळेही दिसतात. पाण्याचे तापमान २४ ते २८ अंश सेल्सिअस असल्यास साधारणपणे चार आठवड्यांत पिले जन्मतात. लहान मादीला पाच-दहा, मोठ्या मादीला चाळीस-पन्नास आणि क्वचित शंभराहून अधिक पिले होतात. जन्मतेवेळी प्रत्येक पिलू सहा ते आठ मिलिमीटर लांब असते. ते लगेच पोहू लागते, आडोसा शोधते व स्वतः खाऊ लागते. मातेचे वात्सल्य मात्र येथे शोधू नये. भुकेलेली मादी स्वतःचीच पिले गिळते. म्हणून टाकीत पाणवनस्पतींची दाटी ठेवावी किंवा मादीस वेगळे करावे, असे पाळणारे अनुभवाने शिकतात. पिलांतील नर सुमारे दोन महिन्यांत आणि माद्या सुमारे तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात.

यापुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. एका समागमातून मिळालेले शुक्राणू मादी अंडाशयाच्या घड्यांत कित्येक महिने जिवंत राखू शकते. त्यामुळे नर जवळ नसतानाही ती पिलांच्या अनेक खेपा देते. अंडज माशांची नवी वसाहत होण्यासाठी नर, मादी आणि अंडी घालण्यास योग्य जागा या तिन्हींचा मेळ बसावा लागतो. गप्पीच्या बाबतीत एक मादी पुरते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्रिनिदादच्या ओढ्यांतून पकडलेली एकेक मादी स्वतंत्र हौदात एकटीच सोडली होती. दोन वर्षांनंतर बहुसंख्य हौदांत तिच्या वंशजांची वसाहत टिकून होती. मूळ प्रदेशाबाहेर सुमारे सत्तर देशांच्या पाण्यात हा मासा आज आढळतो, त्याचे कारण यावरून कळते.

डासांच्या पारिपत्यासाठी

डास आणि हिवताप यांचा संबंध सिद्ध करण्यात खिदिरपूरच्या शेजाराचा मोठा वाटा आहे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे हिवतापाचे परोपजीवी डासाच्या जठरात पाहिले. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात, प्रेसिडेन्सी जनरल रुग्णालयालगतच्या छोट्या प्रयोगशाळेत, पक्ष्यांच्या हिवतापावर प्रयोग करून डासाच्या दंशातूनच रोग पसरतो हे त्यांनी दाखवून दिले. हे रुग्णालय खिदिरपूरपासून जवळच आहे. रॉस यांना १९०२ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

रोगाचे मूळ डासात आहे हे कळताच डासाच्या अळीचा नाश कसा करावा, हा प्रश्न पुढे आला. अळी पाण्यात राहते आणि बहुतेक जातींत श्वास घेण्यासाठी तिला पृष्ठभागावर यावे लागते. गप्पीचे तोंड किंचित वर वळलेले असून तो पाण्याच्या वरच्या थरात भक्ष्य टिपतो. प्रौढ मासा दिवसभरात ८० ते १०० अळ्या खातो, असे हिवताप-नियंत्रणाच्या मार्गदर्शनात सांगितले जाते. अळ्या नसतील तेव्हा तो शेवाळ व इतर सूक्ष्म जीवांवर निर्वाह करतो, म्हणून त्याला खाऊ घालावे लागत नाही. घाण पाण्यातही तो तग धरतो. या गुणांमुळे १९१० च्या सुमारास गप्पी भारतात आणण्यात आला, आणि १९२८ मध्ये इटलीहून गँबुसियाही आला.

येथे एक योगायोग ध्यानात घेण्याजोगा आहे. गप्पीचे आगमन होत होते त्याच सुमारास, १९१२ मध्ये, कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने सेवेल व चौधुरी यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. डासांचा नाश करण्याच्या कामी उपयुक्त ठरलेले भारतीय मासे हा तिचा विषय होता. म्हणजे परदेशी मासा मागविला गेला, त्या काळीच या शहरातील शास्त्रज्ञ घरच्या माशांची गुणवत्ता नोंदवीत होते. त्यांपैकी एक मासा बंगालच्या प्रत्येक तळ्यात पोहत असे. त्याच्या डोक्यावर चांदीसारखा चमकणारा ठिपका असतो. तो तिसऱ्या डोळ्यासारखा दिसतो म्हणून बंगाली लोक त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, असे म्हणतात. हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले आहे. तोही पृष्ठभागाजवळ राहतो व डासांच्या अळ्या आवडीने खातो. तथापि तेचोखा अंडज आहे. त्याची मादी पाणवनस्पतींवर थोडीथोडी अंडी चिकटविते. वनस्पती उपटल्या किंवा अंडी कोणी खाल्ली, तर तिची पिढी खुंटते.

डासांच्या तीन तऱ्हा

गप्पी सोडला म्हणजे डास गेले, असे मानणे चुकीचे ठरेल. शहरातील रोगवाहक डास एका जातीचे नाहीत, आणि त्यांचे पाणीही एक नाही.

गटारांच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स डास. तो हत्तीरोगाचा वाहक आहे. गटारात सोडलेला गप्पी मुख्यतः याच्याच अळ्या खातो. शहरी हिवतापाचा वाहक ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा विहिरी, हौद व गच्चीवरील टाक्या यांतील स्वच्छ पाणी पसंत करतो. मुंबईच्या विहिरींमध्येही याच डासाने एकेकाळी थैमान घातले होते. येथे गप्पी उपयोगी पडू शकतो, परंतु तो त्या विहिरीत किंवा हौदात असला पाहिजे. बाहेरच्या गटारात असून उपयोग नाही. तिसरा एडिस डास डेंग्यूचा वाहक होय. कलकत्त्यात १९६३ मध्ये डेंग्यूची मोठी साथ आली आणि त्या आजाराचे रक्तस्रावी रूप भारताने तेव्हा मोठ्या प्रमाणावर पाहिले. एडिस हा फुटके मडके, टाकून दिलेला टायर, फुलदाणी, कूलरची टाकी अशा लहानसहान पाण्यात वाढतो. त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने टिकून राहतात. अशा भांड्यांत मासा राहूच शकत नाही. तेथे एकच उपाय आहे : भांडे आठवड्यातून एकदा रिकामे करून घासून वाळविणे. मोठा हौद रिकामा करता येत नसेल, तरच त्यात मासे सोडणे फलदायी ठरते.

मासे सोडल्याने हिवतापाचे रोगी निश्चितपणे कमी होतात काय, हे ठरविण्यासाठी तज्ज्ञांनी उपलब्ध प्रयोगांची छाननी २०१३ मध्ये केली आणि २०१७ मध्ये पुन्हा केली. काही ठिकाणी अळ्या कमी होतात, पण रोग कमी होतो असे म्हणण्यास विश्वसनीय पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. याचा अर्थ मासा निरुपयोगी आहे असा नव्हे. त्याच्यावर सर्व भार टाकून इतर कामे विसरणे धोक्याचे आहे, एवढाच त्याचा अर्थ होय.

गटारातून तळ्याकडे

पावसाळ्यात कोलकात्याची गटारे तुंबतात आणि रस्त्यांवर पाणी चढते. गटार, रस्ता व तळे यांच्या सीमा काही तास पुसल्या जातात. गटारात सोडलेला मासा त्या वेळी तळ्यात पोहोचू शकतो. तेथे त्याला डासाच्या अळ्याच खाव्यात असे बंधन नसते. तो इतर माशांची अंडी व कोवळी पिले खातो, तेचोख्यासारख्या माशांच्या अन्नात वाटेकरी होतो, आणि दर महिन्याला स्वतःची पिले वाढवितो. हवाई बेटांतील ओढ्यांचा अभ्यास करणाऱ्यांना असे आढळले की, गप्पी व त्याच्या भाऊबंदांच्या दाटीमुळे पाण्यातील नायट्रोजनचे प्रमाणही बदलते. डासांसाठी गप्पी सर्रास सोडण्याच्या प्रथेचा फेरविचार व्हावा, असे मत काही जीवशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडले.

सगळ्यांत विचित्र गोष्ट अशी की, जे तळे देशी माशांनी भरलेले आहे तेथे डासांच्या अळ्या आधीच थोड्या असतात. अशा तळ्यात गप्पी सोडणे म्हणजे जागत्या पहारेकऱ्यावर दुसरा पहारेकरी नेमणे होय. आणि हा दुसरा पहारेकरी पहिल्याच्या घरात शिरतो.

टाकीचा आनंद

या सर्व चर्चेवरून गप्पी पाळू नये असे कोणी समजू नये. पश्चिम बंगाल हे शोभेच्या माशांच्या व्यापाराचे भारतातील प्रमुख केंद्र आहे. हावडा व दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यांतील अनेक कुटुंबे अंगणातील सिमेंटच्या हौदांत गप्पी, मॉली व प्लॅटी वाढवून उदरनिर्वाहास हातभार लावतात. उत्तर कोलकात्यातील गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात पिशव्यांत भरलेले हे मासे मुलांना हटकून थांबवितात. अंडज माशांची पैदास नवशिक्यास साधत नाही. गप्पीची सहज साधते. आणि जन्माचा क्षण डोळ्यांनी पाहावयास मिळणे, हे मुलांसाठी कोणत्याही पाठापेक्षा मोठे शिक्षण आहे.

पाळण्याचे नियम थोडे आहेत. पंधरावीस लिटर पाणी मावेल अशी टाकी घ्यावी. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून मग वापरावे. पाण्यात क्लोरामाइन मिसळलेले असेल तर ते उघडे ठेवून जात नाही, तेव्हा दुकानातील क्लोरीननाशक वापरावे. एका नराबरोबर दोन-तीन माद्या ठेवल्यास मादीला नराचा फार जाच होत नाही. अन्न दोन-तीन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. उरलेले अन्न कुजून पाणी बिघडते. दर आठवड्यास पाण्याचा चौथा हिस्सा बदलावा.

थोड्याच महिन्यांत टाकी पिलांनी भरून जाते, आणि खरा प्रश्न तेव्हा उभा राहतो. प्राण्यावर दया म्हणून अनेक जण जादा पिले डबक्यात, तळ्यात किंवा नदीत सोडून देतात. हा दयाभाव समजण्याजोगा असला तरी त्याचा परिणाम त्या तळ्यातील देशी माशांना भोगावा लागतो. म्हणून जास्तीची पिले शेजाऱ्यास द्यावी, दुकानदारास परत करावी, अथवा नर व माद्या जन्मानंतर चार-सहा आठवड्यांच्या आत वेगळ्या टाक्यांत ठेवावे, म्हणजे वाढ आपोआप थांबते. गावात डासांसाठी मासे हवे असतील, तर प्रथम स्थानिक हिवताप कार्यालयाचा सल्ला घ्यावा. मासे बंदिस्त हौदात किंवा वापरातील विहिरीतच सोडावेत, आणि शक्य तेथे देशी मासा निवडावा. खिदिरपूरच्या एखाद्या चौबाच्च्यात हा सल्ला जितका लागू पडतो, तितकाच तो कोकणातील विहिरीला आणि विदर्भातील तळ्यालाही लागू पडतो.